किंताईक्यो : एका कमानीच्या प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

14 जानेवारी 2023

जपानच्या यामागुची प्रांतातील इवाकुनी शहरात निशिकी नदीवर उभ्या असलेल्या किंताईक्यो या लाकडी पुलाची एक कमान 1:25 या प्रमाणात, शक्य तितक्या मूळच्या जोडणीने, लाकडातच बांधायची असे ठरवून आज कामाला सुरुवात केली. मी हिरोशिमात राहते आणि तेथून इवाकुनीला आगगाडीने तासाभरात पोहोचता येते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पूल प्रत्यक्ष पाहून यायचे आणि मधल्या दिवसांत संध्याकाळी सुतारकाम करायचे, असा क्रम ठेवला आहे.

आधी मापे लिहून ठेवते. पूल पाच गाळ्यांचा आहे. टोकांचे दोन गाळे जवळजवळ सपाट असून ते लाकडी खांबांवर टेकलेले आहेत. मधल्या तीन गाळ्यांना मात्र पाण्यात एकही लाकडी खांब नाही. प्रत्येक कमान 35.1 मीटरचे अंतर एका झेपेत ओलांडते आणि दोन्ही बाजूंना दगडी स्तंभांवर विसावते. असे स्तंभ चार आहेत आणि त्यांची उंची 6.64 मीटर आहे. पुलाची रुंदी 5 मीटर. सरळ रेषेत मोजली तर लांबी 193.3 मीटर भरते, परंतु चालणाऱ्याच्या पायाखालून, कमानींच्या चढउतारासह मोजली तर ती 210 मीटर होते. या प्रमाणात संपूर्ण पूल पावणेआठ मीटरचा झाला असता आणि तो ठेवायला माझ्याकडे जागा नाही, म्हणून एकच कमान घेतली आहे : लांबी 1404 मिलिमीटर, रुंदी 200 मिलिमीटर.

स्तंभ मी सध्या साध्या लाकडी ठोकळ्यांचे करणार आहे. लक्ष कमानीवरच द्यायचे आहे.

28 जानेवारी 2023

आज दिवसभर पुलाच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या वस्त्यांतून फिरले. पुलाची गरज कोणाला होती हे कळल्याशिवाय त्याचा आकार कळणार नाही, असे वाटले.

निशिकी नदी योकोयामा या टेकडीला वळसा घालून वाहते आणि तिच्यामुळे टेकडीला तिन्ही बाजूंनी आयता खंदक मिळतो. इवाकुनीचे जहागीरदार असलेल्या किक्कावा घराण्याने 1608 मध्ये या टेकडीवर किल्ला बांधला, पण एका जहागिरीत एकच किल्ला ठेवण्याचा तोकुगावा राजवटीचा हुकूम निघाल्यामुळे तो 1615 मध्येच उतरवावा लागला. आज वर दिसतो तो 1962 मध्ये नव्याने बांधलेला आहे. किल्ला गेला तरी जहागीरदाराचा वाडा, कचेरी आणि वरच्या दर्जाच्या सामुराईंची घरे टेकडीच्या पायथ्याशी योकोयामातच राहिली. मधल्या आणि खालच्या दर्जाचे सामुराई आणि व्यापारी मात्र नदीपलीकडे निशिमी भागात राहत. तेथील व्यापारी वस्ती सात पेठांची होती आणि 'इवाकुनीच्या सात पेठा' असा तिचा उल्लेख अजूनही होतो. कारभार एका काठावर आणि कारभार चालवणारी बरीचशी माणसे दुसऱ्या काठावर, अशी ही मांडणी होती. नदीला पूर आला आणि पूल वाहून गेला की शहराचे दोन तुकडे होत, आणि असे वारंवार होत असे.

निशिमीच्या बाजूने निघाले की गल्ल्या अरुंद आणि काटकोनात वळणाऱ्या आहेत, घरे एकमेकांना खेटून आहेत. पूल ओलांडला की एकदम मोकळे होते : रुंद रस्ता, झाडे, आणि वाड्याच्या जागेवर आज असलेली किक्को बाग. बागेच्या परिसरात मेकाता घराण्याचे जुने सामुराई घर जपलेले आहे. दोन काठांतला हा फरक आजही पायांना जाणवतो.

एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. एदो काळात, म्हणजे तोकुगावा राजवटीच्या काळात, हा पूल सर्वांसाठी नव्हता. सामुराई आणि काही मोजके व्यापारी त्यावरून जात, सामान्य माणूस होडीने नदी ओलांडत असे. पुलाच्या देखभालीसाठीचा तांदळाचा कर मात्र सामुराईंपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांकडून घेतला जाई. ज्यांना पुलावर पाऊल ठेवता येत नव्हते त्यांच्याही घासातून हा पूल उभा राहिला आहे, हे प्रतिकृतीशेजारी ठेवायच्या माहितीफलकावर लिहायचेच, असे मी ठरवले आहे.

11 फेब्रुवारी 2023

पुलाची कल्पना कोठून आली याची टिपणे आज पूर्ण केली.

इवाकुनीचा तिसरा जहागीरदार किक्कावा हिरोयोशी याच्यासमोर प्रश्न सोपा होता आणि उत्तर अवघड. पूल वाहून जातो तो पाण्यातल्या खांबांमुळे, म्हणून खांब नकोत. पण सुमारे दोनशे मीटर रुंदीची नदी खांबांशिवाय ओलांडायची कशी? काई प्रांतातील सारुहाशी हा खांब नसलेला पूल तेव्हा प्रसिद्ध होता, परंतु तो अरुंद घळीवरचा होता. एवढ्या रुंद पात्राला ती रीत पुरणारी नव्हती.

मार्ग सापडला तो एका वैद्यामुळे. चीनमधील मिंग राजवट कोसळल्यावर नागासाकीला आलेला दोकुऱ्यू हा भिक्षू उत्तम वैद्यही होता आणि हिरोयोशीच्या आजारपणात त्याला इवाकुनीला बोलावण्यात आले होते. तो मूळचा हांगचौचा. त्याच्याकडून हांगचौच्या पश्चिम सरोवराचे वर्णन करणारा एक सचित्र ग्रंथ हिरोयोशीला पाहायला मिळाला. त्यातील एका चित्रात सरोवरातली छोटी बेटे एकामागून एक कमानी पुलांनी जोडलेली होती. ते पाहून हिरोयोशीच्या लक्षात आले की नदी एका झेपेत ओलांडण्याची आवश्यकताच नाही. पात्रात दगडाची बेटे उभारावीत आणि बेटाबेटांवरून उड्या घ्याव्यात. पुलाचे चार स्तंभ म्हणजे ती बेटे.

भाजताना वाकलेली तांदळाची वडी पाहून हिरोयोशीला कमान सुचली, अशीही एक आख्यायिका तिकडे सांगतात. ती गोड आहे, परंतु मला चित्राची हकीकत अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात परागंदा झालेल्या माणसाने आपल्या गावचे पाणी आठवून दाखवले आहे. पश्चिम सरोवरातील बाय बांधावर किंताईक्यो याच नावाचा, म्हणजे त्याच चिनी अक्षरांचा, एक पूल आजही आहे.

कोदामा कुरोएमोन या कारागिराच्या हातून 1673 मध्ये पूल तयार झाला.

12 फेब्रुवारी 2023

तुळया कापायला घेतल्या. कमानीची रचना शब्दांत नीट मांडून ठेवते, म्हणजे पुढे हाताला चूक होणार नाही.

दगडी स्तंभातून पहिली तुळई तिरपी वर निघते. तिच्यावर दुसरी बसते, पण तिचे टोक पहिलीच्या टोकाच्या थोडे पुढे काढलेले असते. तिच्यावर तिसरी, आणखी पुढे. अशा अकरा तुळया पायरीपायरीने नदीवर पुढे सरकत जातात. समोरच्या स्तंभातूनही तशाच अकरा येतात. मध्यावर उरलेली पोकळी आढ्यासारख्या दोन लाकडांनी सांधली जाते : नवव्या तुळयांच्या टोकांमध्ये मोठे आढे, दहाव्यांच्या टोकांमध्ये लहान आढे. अशा पाच ओळी एकमेकींना समांतर असतात. प्रत्येक पायरीवर तुळयांच्या पुढच्या टोकांना जोडणारे एक आडवे लाकूड आणि मागच्या टोकांना जोडणारे दुसरे, अशा रीतीने पाचही ओळी बांधल्या जातात. बाजूंना घोड्याच्या खोगिरासारखी दुबेळकी लाकडे आणि त्यांना साहाय्य करणारे तिरपे टेकू आहेत. ते मूळ बांधणीनंतर काही वर्षांनी, डुगडुग कमी करण्यासाठी घातले गेले.

म्हणजे माझ्या एका कमानीला केवळ तुळयाच 110 लागतील.

मूळ पुलात सहा जातींचे लाकूड आहे : केयाकी (जपानी झेल्कोवा), पाइन, हिनोकी (जपानी सायप्रस), हिबा (सायप्रसच्याच कुळातले एक झाड), चेस्टनट आणि ओक. भार घेणाऱ्या तुळया केयाकी आणि पाइनच्या, पायाखालच्या फळ्या आणि कठडा हिनोकीचा, आणि तुळया एकमेकींवरून सरकू नयेत म्हणून आत ठोकलेल्या खुंट्या कठीण ओकच्या. मी तुळयांना पाइन, फळ्यांना हिनोकी आणि खुंट्यांना ओक वापरत आहे. या प्रमाणात लाकडाच्या ताकदीचा फारसा प्रश्न येत नाही, पण हिनोकीवर रंधा फिरवल्यावर खोलीभर पसरणारा वास आणि पाइनचा हाताला लागणारा चिकटपणा यांतून कोणते लाकूड कोठे का, हे पुस्तकापेक्षा लवकर समजते.

25 फेब्रुवारी 2023

गेल्या आठवड्याचे काम वाया गेले आणि दोष पूर्णपणे माझा आहे.

एकावर एक ठेवलेल्या सरळ तुळयांना वळण मिळते ते त्यांच्या मधल्या पाचरींमुळे. प्रत्येक पायरीवर पाचर किती जाड आणि किती उताराची, यावर पुढच्या तुळईचा कल ठरतो. मी सोय म्हणून सर्व पाचरी एकाच मापाच्या कापल्या आणि एकेक तुळई सरसाने चिकटवत गेले. सातव्या तुळईपर्यंत सारे ठीक दिसत होते. अकरावी बसवल्यावर दोन्ही बाजूंचे हात, म्हणजे कमानीचे दोन अर्धे भाग, समोरासमोर धरले, तर डावा हात उजव्यापेक्षा 9 मिलिमीटर वर होता. मूळ मापात ते जवळजवळ पाव मीटर होते. प्रत्येक पायरीवरची केसाएवढी चूक पुढच्या पायरीने उचलून मोठी केली होती.

ओळ उकलली. सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवर कमानीचे बाजूचे पूर्ण मापाचे रेखाटन काढले आणि आता प्रत्येक तुळई सरस न लावता त्या रेघेवर ठेवून, तिच्या खालची पाचर तिच्यापुरतीच तासून बसवत आहे. 2001 ते 2004 या काळात पुलाचे लाकूडकाम बदलताना सुतारांनीही आधी पूर्ण मापाची रेखाटने करून त्यावरून फर्मे बनवले होते. ते वाचूनही मी तो टप्पा गाळला होता.

पाचर बसल्याचे कानाला कळते, हे आज शिकले. पाचरीची धार नखाएवढी पातळ असते. लहान हातोडीने हळूहळू आत ठोकताना आधी बोथट, पोकळ आवाज येतो. मग एका ठोक्याला तो अचानक बारीक आणि टणक होतो आणि त्याच क्षणी वरची तुळई खालचीला घट्ट धरते. त्यानंतर एक ठोका जास्त दिला तर पाचर चिरते. आज अशा चार चिरल्या.

11 मार्च 2023

पाचही ओळी उभ्या राहिल्या आणि माथ्यावर जुळल्या. आढी बसवली. सरस अजून कोठेही लावलेला नाही. माथ्यावर चार किलो तांदळाची पिशवी ठेवून पाहिली, तेव्हा कमान दबण्याऐवजी अधिक गच्च झाली. पाचरींचा किंचित करकर आवाज झाला आणि मग शांत. हा पूल वरून भार आला की आवळला जातो, असे जे म्हणतात ते हाताखाली अनुभवले.

मग मी पिशवी काढली आणि माथ्याला खालून दोन बोटांनी वर ढकलले. सगळी रचना सैल झाली, दोन पाचरी खाली पडल्या. हा प्रयोग मी ठरवून केला नव्हता, पण आजच्या दिवसातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण तेच आहे. याचे पुढे काय करायचे ते नंतर पाहू.

एक दुरुस्ती येथे नोंदवते. या पुलात एकही खिळा नाही, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते आणि ते खरे नाही. तुळयांच्या जुडग्यांना बाहेरून लोखंडी पट्टे आवळलेले आहेत, सांध्यांवर लोखंडी आकडे आहेत आणि खिळेही आहेत. भार तुळया, खुंट्या आणि पाचरी पेलतात हे मान्य, पण लोखंडाला नाकारून लाकडाची थोरवी वाढत नाही. मी तांब्याच्या पातळ पत्र्याचे पट्टे कापून काळे करून लावत आहे.

18 मार्च 2023

आज पुलावर गेलेच नाही, पुलाखाली गेले. निशिकीचे पात्र येथे गोट्यांचे आणि उथळ आहे, त्यामुळे कोरड्या भागातून चालत थेट कमानीच्या पोटाखाली उभे राहता येते. वर पाहिले की पाच ओळी, आडवी लाकडे आणि पट्टे हे सारे एखाद्या मोठ्या नावेच्या फासळ्यांसारखे दिसते. दोन महिने जे हातांनी केले ते ओळखीचे वाटले आणि मी बराच वेळ मान वर करून उभी राहिले.

मग खाली पाहिले, आणि प्रकल्पाची दिशा चुकली होती हे लक्षात आले.

स्तंभांच्या भोवती आणि पुलाच्या खालून पात्रात दगडांची फरसबंदी आहे. स्तंभ स्वतः होडीच्या आकाराचे आहेत, दोन्ही टोकांना निमुळते, म्हणजे पाणी कापले जावे. 1673 मध्ये बांधलेला पहिला पूल एका वर्षाच्या आतच, 1674 च्या पुरात वाहून गेला होता. कमान मोडली म्हणून तो गेला नाही. पाण्याने स्तंभांच्या बुडाखालची वाळू खरवडून नेली आणि स्तंभ ढासळले. हिरोयोशीने कमानीचा आराखडा टाकून दिला नाही. त्याने आपली माणसे ओमी प्रांतात दगडी बांधकामाची विद्या शिकायला पाठवली, स्तंभांचा पाया पक्का करवला, पात्रात फरसबंदी करवली आणि त्याच वर्षी पूल पुन्हा उभा केला. तो 276 वर्षे टिकला. लाकूड या काळात अनेकदा बदलले गेले, कमानींचे साधारण वीस वर्षांनी आणि टोकाच्या गाळ्यांचे साधारण चाळीस वर्षांनी. टिकले ते खालचे.

आणि 1950 मध्ये तो गेला तोही खालूनच. युद्धाच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत देखभाल राहून गेली होती. शिवाय इवाकुनीच्या अमेरिकी हवाई तळाच्या धावपट्टीच्या कामासाठी नदीतून मोठ्या प्रमाणावर वाळू-गोटे काढले गेले होते आणि त्यामुळे पात्र कमजोर झाले, असे कारण दिले जाते. सप्टेंबरमध्ये किजिया वादळ आले. नदी चढत असताना शहरातील लोकांनी पुलावर मोठमोठी पिंपे नेऊन ठेवली आणि ती पाण्याने भरली, कारण वरचे वजन वाढले तर पूल जागेवर राहील हे त्यांना ठाऊक होते. माझ्या टेबलावरच्या कमानीवरची तांदळाची पिशवी आणि खालून लावलेली दोन बोटे मला त्या क्षणी आठवली. लोकांचा हिशेब बरोबर होता. पण पाणी कमानीला खालून उचलत असतानाच स्तंभांखालची जमीनही नेत होते, आणि त्यावर पिंपांचा इलाज नव्हता. 14 सप्टेंबरला पूल वाहून गेला.

ठोकळ्यांचे स्तंभ चालणार नाहीत. स्तंभ, पात्र आणि फरसबंदी यांच्याशिवाय ही प्रतिकृती अर्धवट राहील.

26 मार्च 2023

दोन्ही काठांवर चेरीचा बहर आहे आणि पुलावर माणूस मावत नाही. कमानींचा चढ स्तंभांजवळ इतका तीव्र आहे की तेथे पायऱ्या केलेल्या आहेत. आजी-आजोबा कठड्याला धरून एकेक पायरी चढत होते आणि माथ्यावर पोहोचले की थांबून नदीकडे पाहत होते. पूल ओलांडण्यासाठी शुल्क घेतले जाते आणि ते देखभालीसाठी वापरले जाते. जुन्या तांदूळकराशी त्याचे नाते आहे, फरक एवढाच की आता देणाराच वरून चालतो.

पूल गेल्यानंतर काय झाले त्याची टिपणे आज परतीच्या गाडीत लिहिली. सरकारकडून काँक्रीटचा पूल सुचवला गेला होता. शहराने लाकडाचाच आग्रह धरला. 1951 ते 1953 या काळात कमानी जुन्या रीतीने लाकडात आणि स्तंभ आतून काँक्रीट, बाहेरून दगड असे बांधले गेले. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो : जेथे हाताची विद्या टिकवायची तेथे लाकूड, आणि जेथे पाण्याशी गाठ आहे तेथे काळाला साजेसा उपाय. 1699 सालचे रेखाटन जपून ठेवलेले होते आणि त्यानंतरच्या पुनर्बांधणींचीही रेखाटने होती, म्हणून मूळ आकार हातचा गेला नाही. 2001 ते 2004 मध्ये तीन हिवाळ्यांत, नदीला पाणी कमी असताना, पाचही गाळ्यांचे लाकूड स्थानिक सुतारांनी नव्याने घडवले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2005 मधील वादळात, टोकाच्या एका गाळ्याचे दोन लाकडी खांब वाहून गेले. पाण्यात खांब नकोत, हा हिरोयोशीचा हिशेब तीन शतकांनंतरही खरा ठरला.

एक चिंता मनात राहते. एदो काळात वीस वर्षांनी कमान बदलत असे, म्हणून सुताराला आयुष्यात एकदा शिकाऊ म्हणून आणि एकदा शिकवणारा म्हणून ती करायला मिळे. 1953 नंतर पुढची वेळ यायला जवळजवळ पन्नास वर्षे गेली. रेखाटन जपता येते, पण पाचर बसल्याचा आवाज रेखाटनात नसतो.

15 एप्रिल 2023

लाकडी ठोकळे काढून टाकले. प्लास्टरच्या गाभ्याला पाटीच्या दगडाच्या चिपा लावून होडीच्या आकाराचे दोन स्तंभ केले, प्रत्येकी साडेसव्वीस सेंटिमीटर उंचीचे. ते कायमचे बसवण्याआधी त्यांतील एक स्तंभ मोठ्या पसरट तबकात बारीक वाळूवर उभा केला, तबक किंचित कलते ठेवले आणि गच्चीतल्या नळाला नळी लावून पाणी सोडले.

पहिल्या वेळी फरसबंदी नव्हती. दोन मिनिटांत स्तंभाच्या पाण्याकडील टोकापाशी वाटीसारखा खड्डा पडला, त्याच्या दोन्ही कुशींना चर पडले आणि पाचव्या मिनिटाला स्तंभ पुढच्या बाजूला कलला. 1674 मध्ये असेच झाले असेल.

दुसऱ्या वेळी वाळू सारखी करून स्तंभाभोवती आणि खालच्या बाजूला हातभर अंतरापर्यंत चपट्या खड्यांची फरसबंदी घट्ट बसवली, फटींत जाड रेती दाबली आणि तेवढेच पाणी सोडले. वीस मिनिटे स्तंभ हलला नाही. मग मी फरसबंदी जेथे संपते त्याच्या खालच्या अंगाची वाळू चमच्याने काढून घेतली, नदीतून गोटे काढले गेले होते तशी, आणि पाणी पुन्हा सोडले. शेवटच्या ओळीतला एक खडा खाली घसरला. त्याच्या मागचा त्याच्या जागेवर सरकला आणि तोही गेला. खड्यांची ओळ खालून वर, स्तंभाच्या दिशेने, एकेक करत सुटत येऊ लागली. स्तंभापासून चार बोटांवर असताना मी नळ बंद केला.

आता कमान दोन स्तंभांवर ठेवून पाहिली आहे आणि ती बसते. उद्या फरसबंदीच्या कडेच्या तीन ओळी पुन्हा लावायच्या, शेवटच्या ओळीचे खडे आडवे न ठेवता उभे रोवून पाहायचे.